काठ हरवलेली तळी

बंगळुरूला नदी नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराच्या देवळासमोर दक्षिणमुख नंदीतीर्थ आहे. तिथे नंदीच्या मुखातून अखंड धार पडते आणि भाविक तिला वृषभावतीचा उगम मानतात. बसवनगुडीतले लोक हा मान आपल्या दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, पायाशी असल्याचे सांगतात. भूगोलाच्या दृष्टीने दोघांचेही बरोबर आहे, कारण वृषभावती एका झऱ्यातून निघत नाही. शहराच्या मध्यातून उत्तर-दक्षिण गेलेल्या उंचवट्यावरून पश्चिमेला उतरणारे सगळे ओहोळ मिळून ती बनते. राजाजीनगर, म्हैसूर रस्ता, केंगेरी, बिडदी असे करीत ती अर्कावतीला मिळते आणि अर्कावतीचे पाणी पुढे कावेरीत जाते. म्हणजे मल्लेश्वरमच्या गटारात जे सोडले जाते, त्याचा शेवट कावेरीत आहे.

या देवळाशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी इथल्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. त्या काळी हा सारा माळ, झाडोरा आणि तळ्यांचा मुलूख होता. १८९८ च्या प्लेगनंतर गावठाणातल्या दाटीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी आखीव रस्त्यांचे मल्लेश्वरम वसले. त्याच्या आगेमागे कारखानेही आले. संपिगे रस्त्यावर राजा मिल होती, तिच्या जागी आता मॉल आहे. पश्चिमेच्या अंगाला म्हैसूर लॅम्प वर्क्स उभी राहिली आणि १९४६ मध्ये रवि किर्लोस्करांनी सुरू केलेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक आली. पुढे यशवंतपूर, राजाजीनगरची औद्योगिक वसाहत, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पीण्या. लहान कारखान्यांच्या वसाहतींत पीण्याचे नाव आशियात मोठ्यांमध्ये घेतले जाते. या पट्ट्यातले बरेच पाणी वृषभावतीच्या खोऱ्यात उतरते. देवळाकडून निघालेली नदी थोड्याच अंतरात कारखान्यांच्या मागच्या भिंतींना लागून वाहू लागते, आणि तिथून पुढे तिला लोक नदी म्हणत नाहीत, मोरी म्हणतात.

या लेखाचा विषय असा आहे: जिथे पाण्याचा काठ कारखान्यांनी घेतला आहे, तिथे पक्षी, बेडूक, मासे, कासवे पुन्हा राहू शकतील अशी पाणथळ जागा परत निर्माण करता येते का, आणि आजवर ज्यांनी प्रयत्न केले त्यांना काय जमले? बंगळुरू, मुंबई, पुणे आणि परदेशातली काही गावे तपासून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की आपण पाण्याच्या मागे लागलो आणि काठाला विसरलो. तळ्यात पाणी साठवणे हे काम आपल्याला जमू लागले आहे. पण प्राणी राहतो तो पाण्याच्या आणि जमिनीच्या मधल्या पट्ट्यात, आणि आपल्या बहुतेक पुनरुज्जीवन योजना नेमका तोच पट्टा दगड-सिमेंटने पुसून टाकतात.

मल्लेश्वरमचे सँकी तळे याचे बोलके उदाहरण आहे. कर्नल रिचर्ड सँकी यांनी ते १८८२ मध्ये बांधून घेतले. क्षेत्र सुमारे ३७ एकर. जवळच चंदनाच्या लाकडाचे सरकारी कोठार होते, म्हणून जुने लोक त्याला गंधदकोटी केरे म्हणत. शहरातली इतर तळी सांडपाण्याने भरत असताना सँकी बऱ्यापैकी बचावले. चांगला बांध, भोवती चालण्याची वाट, झाडे, रोपवाटिका, गणपती विसर्जनासाठी वेगळे कुंड असे सगळे तिथे आहे. पहाटे फिरायला येणाऱ्यांचे या तळ्यावर खरोखर प्रेम आहे. २०११ मध्ये सँकी रस्त्याच्या रुंदीकरणाविरुद्ध आणि पुन्हा २०२३ मध्ये उड्डाणपुलाच्या योजनेविरुद्ध याच भागातले रहिवासी झाडांसाठी रस्त्यावर उतरले. त्यांच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे.

तरीही पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर सँकी हे अपुरे घर आहे. पाणकावळे, टिबुकली, वारकरी, रातबगळे आणि पेलिकन, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारणारे, उघड्या पाण्यावर तरंगणारे किंवा झाडावर बसून वाट पाहणारे पक्षी अशा तळ्यावर निभावून नेतात. शेकाट्या आणि तुतवार यांना मात्र बोटभर पाणी आणि उघडा चिखल लागतो. कमळपक्ष्याला तरंगती पाने हवी असतात, त्यावरच तो घरटे करतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या दाटीशिवाय राहत नाही. अडईला काठाचे गवत हवे. बेडकाला अंडी घालायला उथळ, मासे पोहोचणार नाहीत असे डबके हवे. काठ दगडी असेल आणि काठालगतच पाणी पुरुषभर खोल असेल, तर या सगळ्यांसाठी तिथे जागाच उरत नाही. पाणी चमकते, दोन-चार पेलिकन दिसतात आणि लोकांना वाटते, काम झाले.

बंगळुरूची जुनी तळी अशी नव्हती. ती शेतीसाठी, उतारावर एकाच बाजूला मातीचा बांध घालून केलेली होती. बांधापाशी पाणी खोल, आणि उरलेल्या बाजूंनी जमीन हळूहळू पाण्याखाली जाणारी. पावसाळ्यात तळे पसरायचे, उन्हाळ्यात आकसायचे. आकसताना उघडा पडलेला चिखल हिवाळी पाहुण्यांना खाऊ घालायचा, त्यानंतर तिथे गवत यायचे आणि गुरे चरायची. उन्हाळ्यात गाळ उपसून शेतकरी शेतात टाकत. एका तळ्याचे जादा पाणी राजकालुवेतून, म्हणजे मुख्य ओढ्यातून, खालच्या तळ्यात जाई. काठ वर्षभर पुढे-मागे सरकत असे, आणि त्या सरकण्यावरच निम्मी जीवसृष्टी जगत होती.

शहर वाढले तसे दोन घाव बसले. पहिला उघड दिसणारा. तळी बुजवली गेली. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचे बसस्थानक आले, संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम उभे राहिले, आणि मल्लेश्वरमच्या दक्षिणेचे जक्करायन केरे आता मैदान म्हणून ओळखले जाते. मल्लेश्वरमच्या शेजारीच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने उपग्रहचित्रांवरून काढलेला हिशेब असा की १९७३ नंतरच्या साधारण साडेचार दशकांत बंगळुरूने आपली ७९ टक्के जलाशय-क्षेत्रे गमावली. दुसरा घाव कमी बोलला जातो. जी तळी उरली, ती बारमाही झाली. पावसाच्या पाण्याऐवजी त्यांत वर्षभर सांडपाणी येऊ लागले आणि उन्हाळ्यात आकसणे बंद झाले. काठ सरकायचा थांबला. मग महापालिकेने तळे ‘विकसित’ करायला घेतले की गाळ उपसून तोच चहूबाजूंनी रचायचा, त्यावर चालण्याची वाट करायची, आतून दगड लावायचे आणि बाहेरून कुंपण घालायचे. बंगळुरूतले पर्यावरण कार्यकर्ते या पद्धतीला सूपचा वाडगा म्हणतात. नाव चपखल आहे. उभ्या कडा, मध्ये द्रव, आणि कडेला टेकायला जागा नाही.

मल्लेश्वरमच्या पश्चिमेला ओरायन मॉलच्या मागे एक कृत्रिम तळे आहे. संध्याकाळी लोक तिथे बसतात आणि त्यांना बरे वाटते, यात गैर काही नाही. पण जुन्या कारखानदारी पट्ट्यात पाण्याला परत स्थान मिळाले, असे म्हणून त्याकडे बोट दाखवले जाऊ नये. शोभेचे पाणी आणि पाणथळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता घाणीकडे येऊ. औद्योगिक पट्ट्यातला हा सर्वांत अवघड भाग आहे आणि इथे दोन प्रकारची घाण एकत्र मोजली जाते, ही मोठी चूक आहे. घरातले सांडपाणी आणि कारखान्याचे सांडपाणी यांचा पाणथळीवर होणारा परिणाम सारखा नसतो.

घरच्या सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ, नायट्रोजन आणि साबणातला फॉस्फरस असतो. ते प्रमाणाबाहेर गेले की काय होते, ते बेळ्ळंदूर तळ्याने जगाला दाखवले. सुमारे ९०० एकरांचे हे तळे २०१५ मध्ये फेसाने रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला आग लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा लागली, तेव्हा लष्कराच्या जवानांना बोलवावे लागले. पण हेच सांडपाणी आधी शुद्ध करून, मोजून, वनस्पतींच्या पट्ट्यातून सोडले, तर ते पाणथळीचे अन्न होते. उत्तर बंगळुरूतल्या जक्कूर तळ्यावर हे प्रत्यक्षात उतरले. दिवसाला १ कोटी लिटर पाणी शुद्ध करणारे केंद्र वरच्या बाजूला आहे. तिथले पाणी आधी पाणकणीस आणि इतर दलदली वनस्पतींनी भरलेल्या काही एकरांच्या उथळ पट्ट्यातून जाते आणि मग तळ्यात येते. वनस्पतींच्या मुळांवर वाढणारे जिवाणू उरलेला नायट्रोजन संपवतात. त्यामुळे जक्कूरला पक्षी आहेत, मासेमार आहेत, आणि भोवतालच्या विहिरींना पाणी आहे. या तळ्याचे यश मी शहरातल्या इतर कुठल्याही तळ्यापेक्षा वर ठेवीन, कारण तिथे यंत्र आणि निसर्ग यांच्यात काम वाटून दिले आहे. अर्थात दलदलीचा पट्टा दर काही काळाने कापून साफ करावा लागतो, नाहीतर तोच कुजून पाण्यात भर घालतो. त्यासाठी माणसे आणि पैसा कायमचा लागतो, आणि योजनांच्या कागदांत नेमके हेच सुटते.

कारखान्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. पीण्यात मुलामा देणारे, धातूवर रंग चढवणारे, कापड रंगवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. त्यांच्या पाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त, तांबे येते. पीण्याच्या भूजलात क्रोमियम सापडते, हे आता नवे राहिलेले नाही. सेंद्रिय घाण जिवाणू खातात, धातू कोणी खात नाही. तो चिखलात बसतो, मुळांत साचतो, गोगलगायीत जातो, तिथून माशात आणि माशातून बगळ्यात. पाणथळ जागा धातू अडवते हे खरे, पण अडवते म्हणजे स्वतःत साठवते. म्हणून पीण्याजवळच्या शिवपुरासारख्या तळ्यांचे पुनरुज्जीवन करताना जक्कूरचा नमुना जसाच्या तसा उचलला, तर आपण पक्ष्यांसाठी सापळा बांधू. हिरवळ पाहून ते येतील आणि विष खातील.

वृषभावतीच्या खालच्या टोकाला हे सगळे एकत्र दिसते. बिडदीजवळचा भैरमंगल तलाव १९४० च्या दशकात सिंचनासाठी बांधला. बंगळुरूचे सांडपाणी तिथे जमते आणि परिसरातले शेतकरी त्याच पाण्यावर भाजी, चारा, तुतीची लागवड करतात. पाणी घाण आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण ते बाराही महिने येते, आणि कोरडवाहू मुलखात ही लहान गोष्ट नाही. नदी स्वच्छ करण्याच्या कोणत्याही योजनेने या शेतकऱ्यांना काय मिळणार, याचे उत्तर आधी दिले पाहिजे. वरच्या अंगाचे शहर घाण करणार आणि खालच्या अंगाचे गाव ती पिऊन-खाऊन जिरवणार, ही व्यवस्था मला सर्वांत जास्त खटकते.

महाराष्ट्रात औद्योगिक किनाऱ्याचे सर्वांत मोठे उदाहरण ठाणे खाडीचे आहे. एका काठाला शिवडीची तेलाची टाकीघरे, माहूल-तुर्भ्याच्या रिफायनऱ्या, खतांचे कारखाने, आणि समोरच्या काठाला ठाणे-बेलापूरचा रासायनिक पट्टा. अशा ठिकाणी १९९० च्या दशकापासून हजारोंनी फ्लेमिंगो येऊ लागले आणि त्यांची संख्या पुढे लाखाच्या घरात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीतले सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हा विजय आहे, आणि तो कांदळवनांसाठी न्यायालयात लढलेल्या लोकांचा आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यावर बंदी घातली नसती, २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला नसता, तर पुढचे काहीच झाले नसते.

पण खाडीचा धडा तीन ठिकाणी आपल्याला थांबवतो. एक म्हणजे फ्लेमिंगो आले ते खाडी स्वच्छ झाली म्हणून नव्हे. सांडपाण्याच्या पोषक द्रव्यांवर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हे लहान फ्लेमिंगोचे अन्न आहे. पक्षी वाढले याचा अर्थ पाणी सुधारले, असा सरळ निघत नाही. पुण्याजवळ मुळा-मुठेवरचा कवडीपाटही हेच सांगतो. तिथे शहराची सारी घाण आणि प्लास्टिक वाहत येते, आणि तिथेच हिवाळ्यात चक्रवाक उतरतात.

दुसरी गोष्ट काठाची. खाडीत साचणाऱ्या गाळावर कांदळवन पुढे सरकते आणि उघडी चिखलपठारे झाकत जाते. कांदळवन मौल्यवान आहे, याबद्दल वाद नाही. पण फ्लेमिंगोला आणि तुतवारांना उघडा चिखल हवा असतो. त्यामुळे मोकळ्या चिखलावर कांदळवने लावण्याचे उत्साही कार्यक्रम पक्ष्यांचे ताट काढून घेतात. पाणथळीत झाड लावणे हे प्रत्येक वेळी पुण्यकर्म नसते, हे आपल्या वृक्षारोपणप्रेमी समाजाला पचायला जड जाते. तिसरी गोष्ट भरतीची. नेरूळचे डीपीएस तळे आणि उरणकडची पाणजेची पाणथळ यांचे आयुष्य भरतीचे पाणी आत येण्यावर आहे. भरतीची वाट अडली की तळे कोरडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळला फ्लेमिंगो मेले, तेव्हा हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. एक पाइप बुजला, एक रस्ता आडवा गेला की शेकडो एकरांचे घर मोडते. आणि भरतीच्या वेळी खाडीचा चिखल बुडाला की पक्षी जाणार कुठे? या लहान तळ्यांवरच. अभयारण्याच्या रेषेबाहेरची ही तळी गेली, तर रेषेच्या आतले अभयारण्यही अर्धे रिकामे होईल.

परदेशातली उदाहरणे अनेक आहेत. आपल्या कामाची चारच घेतो.

कॅलिफोर्नियातल्या आर्केटा गावाने हम्बोल्ट उपसागराच्या काठी, जुन्या लाकूड गिरण्यांच्या आणि कचराभूमीच्या जागेवर सांडपाणी शुद्ध करणारी पाणथळ उभारली. मोठे प्रादेशिक शुद्धीकरण केंद्र बांधण्याचा आग्रह नाकारून गावकरी आणि विद्यापीठातले शिक्षक यांनी हा मार्ग रेटला. १९८६ पासून ती पूर्णपणे चालते. क्षेत्र ३०७ एकर. सांडपाणी, पक्षी आणि फिरायला येणारी माणसे एकाच जागी नांदतात. जक्कूर हे या विचाराचे आपले रूप आहे.

जर्मनीतली एम्शर नदी वृषभावतीच्या सर्वांत जवळची. रूर खोऱ्यात कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचत असे, म्हणून भूमिगत गटारे टाकता येत नव्हती. मग नदीलाच काँक्रीटच्या पात्रात कोंबून उघडे गटार केले. खाणी बंद पडल्यावर १९९२ मध्ये काम सुरू झाले. आधी ५१ किलोमीटरची भूमिगत मुख्य सांडपाणी वाहिनी टाकली, नंतर काँक्रीट फोडून नदीला वळणे परत दिली. २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी येणे थांबले. खर्च ५ अब्ज युरोंच्या वर गेला. यात शिकण्यासारखा भाग पैशाचा नाही, क्रमाचा आहे. सांडपाणी वेगळे होईपर्यंत त्यांनी सुशोभीकरणाला हात लावला नाही, आणि एकच संस्था १८९९ पासून त्या नदीची जबाबदारी घेऊन आहे. आपल्याकडे आधी दिव्यांचे खांब आणि रंगीत फरशी येते, गटार नंतर.

कॅनडातले हॅमिल्टन हे पोलादाचे बंदर. तिथल्या रँडल रीफ या जागी पोलाद-कोळसा उद्योगाने तळाशी सोडलेला विषारी गाळ जागच्या जागी पोलादी भिंतींत कोंडून वरून झाकण्यात आला. सुमारे ७ लाख घनमीटर गाळ. तो उपसून दुसरीकडे टाकणे जास्त धोक्याचे होते. बंदराच्या वरच्या टोकाला कूट्स पॅरडाइज नावाची दलदल आहे. तिथल्या वनस्पती नष्ट होण्यात कार्प माशांचा मोठा वाटा होता. ते तळ उकरतात, पाणी गढूळ करतात आणि कोंब उखडतात. १९९७ पासून एका फाटकातून मासे तपासून आत सोडले जातात, कार्प बाहेर ठेवले जातात. बंगळुरूच्या तळ्यांत मत्स्यव्यवसायासाठी कार्पच सोडले जातात आणि आफ्रिकी मांगूरही शिरला आहे. पाणकणीस का रुजत नाही, याचा शोध घेताना आपण माशांकडे क्वचितच पाहतो.

लंडनमध्ये थेम्सच्या काठी पाणीपुरवठ्याचे चार जुने काँक्रीट हौद होते. त्यांच्या भिंती फोडून ४२ हेक्टरांची पाणथळ करण्यात आली आणि २००० मध्ये ती खुली झाली. दोन वर्षांत तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या निसर्गस्थळाचा दर्जा मिळाला. कडक काठ मोडून मऊ करता येतो, याचा हा पुरावा. सँकीचा दगडी काठ ही काही ब्रह्मरेषा नाही.

आपल्याकडे कायदा मात्र उलट्या दिशेने ओढतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी माणसाने बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी मोजकीच. इथले पाणपक्षी शतकानुशतके माणसाने बांधलेल्या तलावांवर जगत आले आहेत. नांदूर मध्यमेश्वर हा नाशिकचा बंधाराच आहे आणि तो २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ झाला. २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या मागडी केरे आणि अंकसमुद्र या दोन सिंचन-तलावांना तोच दर्जा मिळाला. ज्या प्रकारच्या तळ्यांना आपण जगासमोर अभिमानाने मिरवतो, त्याच प्रकारच्या तळ्यांना आपला नियम संरक्षण नाकारतो. हा दोष दुरुस्त व्हायला हवा.

काठाच्या मोकळ्या पट्ट्याबाबतही असेच. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये बंगळुरूच्या तळ्यांभोवती ७५ मीटर जागा बांधकामाविना ठेवायला सांगितले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला, कारण शहराच्या आराखड्यातले अंतर बदलण्याचा अधिकार लवादाला नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे, पण त्यानंतर हे अंतर आराखड्यातच वाढवण्याची इच्छा कोणत्याही सरकारने दाखवली नाही. त्यात कारभार वाटला गेलेला. तळे एका खात्याचे, सांडपाणी दुसऱ्याचे, कारखान्यांचे परवाने तिसऱ्याचे, मासे चौथ्याचे. २०२५ मध्ये बंगळुरूची महापालिका पाच महापालिकांत विभागली गेली. नदी एकच राहिली, तिचे मालक वाढले.

पुण्यातली मुळा-मुठा नदीकाठ योजना ४४ किलोमीटरची आहे आणि तिच्यावरचा माझा आक्षेप हाच. बांध, भिंती आणि पायवाटा यांनी काठ नीटनेटका होईल, पण येरवड्याजवळच्या सलीम अली अभयारण्यासारख्या जागी पक्षी टिकून आहेत ते काठ अस्ताव्यस्त आहे म्हणून. सिमेंटचा काठ एकदा आला की तो फोडायला लंडनइतका पैसा आणि धीर लागेल.

काठ मऊ ठेवण्याविरुद्ध लोकांचे जे म्हणणे असते, ते खोटे नसते. डास होतात, वास येतो, साप निघतात, मुले बुडतील अशी भीती वाटते. यांपैकी डासांची भीती सर्वांत मोठी, आणि तिचे उत्तर पाण्याच्या हालचालीत आहे. डास साचलेल्या, मासे नसलेल्या डबक्यात वाढतात. वाहत्या, जिवंत दलदलीत चतुराच्या अळ्या, बेडूक आणि छोटे मासे त्यांना खातात. बुडण्याची भीती तर उलटी आहे. उथळ उताराच्या काठावरून माणूस सहज बाहेर येतो, दगडी उभ्या काठावरून येत नाही. वासाचे खरे आहे. उन्हाळ्यात चिखल उघडा पडला की काही आठवडे वास येतो. शहराने एवढे सोसायला हवे, असे मला वाटते.

मग मल्लेश्वरमच्या बाजूने काय करता येईल? सँकी तळ्याच्या बांधाला हात लावायचे कारण नाही, बांधापाशी पाणी खोलच असायला हवे. पण बांधापासून दूरच्या एका बाजूला, थोड्या लांबीत का होईना, दगड काढून उथळ उतार करता येईल. तिथे पाणकणीस आणि देशी कमळे लावून चालण्याची वाट मागे सरकवता येईल. डिसेंबर ते मे या काळात पाण्याची पातळी ठरवून उतरू द्यावी. हे करण्याआधी आणि नंतर पक्षी, बेडूक, चतुर मोजावेत. खर्च उड्डाणपुलाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि झाडांसाठी लढलेल्या रहिवाशांकडे हे मागून घेण्याची ताकदही आहे.

पश्चिमेच्या औद्योगिक पट्ट्यात मात्र घाई नको. पीण्याच्या तळ्यांत आधी गाळाची तपासणी व्हावी आणि तिचे निकाल लोकांसमोर यावेत. मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांना एकेकट्याने शुद्धीकरण परवडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सामायिक केंद्रे हवीत आणि ती खरोखर चालवावीत. घरचे आणि कारखान्याचे पाणी वेगळे होईपर्यंत त्या तळ्यांत पक्ष्यांसाठी बेटे बांधू नयेत. गाळात धातू असेल तर तो उपसून शेतात टाकण्याची जुनी रीत इथे लागू नाही, हे कंत्राटदाराला लिहून द्यावे लागेल. या कामाला दोन निवडणुकांपेक्षा जास्त काळ लागेल.

मराठी वाचकांना एक विनंती. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि तीत सामान्य पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदीही घेतल्या जातात. रंकाळा असो, कवडीपाट असो की सँकी, आपल्या जवळचे तळे निवडा, आणि पक्ष्यांच्या संख्येबरोबर काठ मातीचा आहे की दगडाचा, किती लांबीचा, उतार कसा, हेही लिहा. सरकारकडे ही माहिती नाही. पुढच्या वेळी तळ्याच्या सुशोभीकरणाची निविदा निघेल, तेव्हा हरकत घ्यायला तीच लागेल.